रेडिओलॉजीत पुढे काय करायचं? 'स्कोप' विचारण्याआधी हे बघा

एमडीच्या सेकंड इयरला आलं की रिपोर्टिंग रूममध्ये, मेसमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळीकडे एकच प्रश्न फिरायला लागतो, "सध्या स्कोप कशात आहे?" कुणी आयआर (स्कॅन बघत बघत सुई-नळीने उपचार) म्हणतं, कुणी फीटल (पोटातल्या बाळाचं इमेजिंग), कुणी सांगतं की एआय येतंय, आता काहीच करू नका. माझ्या मते प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातोय. आपल्याकडे पेशंट स्वतःहून येत नाही, त्याला कुणीतरी डॉक्टर चिठ्ठी देऊन पाठवतो. म्हणजे तुम्ही ब्रँच निवडता तेव्हा तुमचा पाठवणारा डॉक्टरपण निवडता. तो कोण, तुम्ही राहणार त्या गावात तो आहे का, त्याला रिपोर्टमध्ये नेमकं काय हवं असतं, आणि उद्या तो स्वतःच तुमचं काम करायला लागेल का, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की स्कोप आपोआप कळतो.

म्हणून सगळ्यात आधी, राहणार कुठे ते ठरवा. लातूर, चंद्रपूर, सांगली अशा ठिकाणी स्वतःचं सेंटर टाकायचं असेल तर पोटाची सोनोग्राफी, प्रेग्नन्सी, डॉपलर, एक्सरे, ॲक्सिडेंटचा सीटी ब्रेन, कंबर आणि गुडघ्याचा एमआरआय हे सगळं तुम्हालाच करायचंय, तिथे "मी फक्त न्यूरो वाचतो" म्हणून कसं चालेल? एक फेलोशिप वरून जोडली तर उत्तमच, पण पाया जनरलचाच लागतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात मात्र उलटं असतं, तिथे लिव्हर एकाकडे, एमएसके (हाडं, सांधे, स्नायू) दुसऱ्याकडे, ब्रेस्ट तिसऱ्या मॅडमकडे असं वाटून घेतलेलं असतं आणि फेलोशिप नसेल तर आत शिरणंच अवघड जातं.

रेसिडेन्सीत काय करायचं

फर्स्ट इयरला काहीही ठरवू नका, खरंच. फिजिक्स, ॲनाटॉमी आणि रात्रीची इमर्जन्सी सोनोग्राफी, एवढं नीट झालं तरी खूप झालं. सेकंड इयरपासून मात्र फोनमध्ये एक साधी नोट ठेवा, आणि कुणी न सांगता, व्हायवाची भीती नसताना, घरी येऊन तुम्ही कुठल्या केसबद्दल वाचलं ते फक्त त्यात लिहीत जा. सहा महिन्यांनी ती नोट उघडा. सगळ्या एंट्री टेम्पोरल बोनच्या (कानाजवळच्या हाडाच्या) निघाल्या तर उत्तर समोरच आहे, सीनियर काय म्हणतात ते नंतर बघू.

दुसरी सवय म्हणजे रिपोर्ट साइन झाला की विषय संपवू नका. ऑपरेशन झालं की सर्जनला फोन करा, आत काय सापडलं विचारा, शक्य असेल तर ओटीत जाऊन उभे राहा. ट्यूमर बोर्डला, म्हणजे कॅन्सरच्या केसवर सगळे डॉक्टर मिळून चर्चा करतात तिथे, मागच्या खुर्चीत बसून का होईना पण बसा. कुठल्या डॉक्टरांशी बोलताना मजा येते आणि कुठल्यांशी बोलताना डोकं उठतं हे इथेच कळतं, आणि ही बारीकसारीक गोष्ट नाहीये, पुढची तीस वर्षं त्याच माणसांचे फोन घ्यायचेत.

डीआरपीचं, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमचं, पण सांगतो. तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, आणि बरेच जण तो काळ पेड हॉलिडेसारखा घालवतात. तिथे रेफरल रजिस्टर चाळा. बाहेर काय पाठवलं जातं, कशासाठी पेशंटला दोन-तीन तास प्रवास करून मोठ्या शहरात जावं लागतं ते बघा. त्या जिल्ह्यात काय कमी आहे हे त्या रजिस्टरइतकं स्पष्ट कुठलाही सेमिनार सांगत नाही.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, म्हणजे आयआर

ग्लॅमर इथे सगळ्यात जास्त, त्यामुळे इथे थोडं सविस्तर. पित्ताचा मार्ग अडला की पीटीबीडी (बाहेरून नळी घालून पित्त काढणं), लिव्हरच्या गाठीला टेस (रक्तवाहिनीतून औषध देऊन गाठीचा रक्तपुरवठा तोडणं) किंवा ॲब्लेशन (सुईने गाठ जाळणं), पोर्टल हायपरटेन्शनमध्ये (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढला की) टिप्स (लिव्हरमधून स्टेंट टाकून दाब कमी करणं), डायलिसिसच्या फिस्टुलाची अँजिओप्लास्टी, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर एम्बोलायझेशन (रक्तवाहिनी आतून बंद करणं). आपल्या देशात टीबी एवढा आहे की खोकल्यातून रक्त पडणाऱ्या पेशंटचं ब्राँकियल आर्टरी एम्बोलायझेशन हे तर रोजीरोटीचं काम, आणि त्यात स्पायनल आर्टरी (मज्जारज्जूची रक्तवाहिनी) दिसतेय का हे आधी बघितलं नाही तर पेशंटचे पाय जाऊ शकतात, एवढी जबाबदारी असते.

आता पाठवणारे बघा. गॅस्ट्रोचे डॉक्टर, नेफ्रोलॉजिस्ट, छातीचे डॉक्टर, ऑन्कोसर्जन हे आनंदाने पाठवतात कारण ते काम त्यांना करायचं नसतं. पायाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओप्लास्टी व्हॅस्क्युलर सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघंही करतात, तिथे तुम्ही तिसरे. फायब्रॉइड एम्बोलायझेशन पुस्तकात सुंदर दिसतं, पण ती पेशंट आधी गायनॅकच्या ओपीडीत जाते आणि गायनॅककडे स्वतःची सर्जरी असतेच, मग तुमच्यापर्यंत ती येणार कशी? म्हणून नोकरी घेताना पगाराच्या आधी विचारायचं की स्वतःची ओपीडी मिळेल का, बेडवर पेशंट माझ्या नावाने ॲडमिट होईल का. दोन्हीला "नाही" असेल तर तुम्ही क्लिनिशियन नाही, टेक्निशियन म्हणून जाताय, आणि हे कडू वाटलं तरी जॉइन होण्याआधी कळलेलं बरं.

ट्रेनिंगचा मुख्य रस्ता तीन वर्षांचं डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री), नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन, त्यासाठी एमडी किंवा डीएनबी रेडिओडायग्नोसिस लागतं, नुसत्या डीएमआरडी डिप्लोमावर बसता येत नाही. मुंबईत केईएम आणि टाटा मेमोरियलला हा कोर्स आहे, आणि दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय वगैरे राष्ट्रीय संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा. डीएम न करता एक-दोन वर्षांची फेलोशिप करून काम करणारेही भरपूर आहेत, पण टीचिंगमध्ये जायचं असेल तर डीएमचं वजन वेगळंच.

स्वतःला तपासायचा सोपा उपाय म्हणजे डीएसए (रक्तवाहिन्यांच्या प्रोसिजरची लॅब) पोस्टिंगमध्ये प्रोसिजर तर सगळ्यांनाच आवडते, तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेशंटच्या ड्रेनमधून किती पित्त आलं ते बघायला आपणहून वॉर्डात जाता का ते बघा. जात नसाल तर आयआर तुमचं नाही. शिवाय लेड ॲप्रन घालून तासन् तास उभं राहायचंय, पाठ-मान आत्तापासून सांभाळा. टीएलडी बॅज (अंगाला किती रेडिएशन लागलं ते मोजणारा) ड्रॉवरमध्ये ठेवून कॅथलॅबमध्ये जाणारे महाभाग प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये असतात, ते करू नका. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० अशी आहे, बॅज घातलाच नाही तर आकडा कुठून कळणार. मुलींना काही जण "आयआर तुमच्यासाठी नाही" असं सरसकट सांगतात, ते मनावर घेऊ नका. प्रेग्नन्सी जाहीर केल्यावर गर्भासाठी वेगळी, १ मिलिसीव्हर्टची मर्यादा असते आणि त्याप्रमाणे ड्युटी बदलून मागता येते, म्हणजे नियमातच सोय आहे.

न्यूरो

इथे दोन वेगळी कामं एका नावाखाली येतात. एक नुसतं वाचायचं, म्हणजे एमआरआय ब्रेन, स्पाइन, एपिलेप्सी प्रोटोकॉल, परफ्यूजन (मेंदूचा रक्तपुरवठा बघणं). दुसरं हाताने करायचं, म्हणजे ॲन्युरिझम (रक्तवाहिनीचा फुगा) कॉइल करणं, स्ट्रोकमध्ये गुठळी ओढून काढणं. २०१५ साली लागोपाठ आलेल्या ट्रायल्सनी मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी (हीच गुठळी ओढून काढणं) सिद्ध झाली आणि २०१८ मध्ये निवडक पेशंटसाठी वेळेची खिडकी सहा तासांवरून २४ तासांपर्यंत गेली, तेव्हापासून या कामाला प्रचंड मागणी आहे. पण न्यूरोसर्जन आणि न्यूरोलॉजिस्टही आता हे शिकतात, त्यामुळे टेरिटरीची भांडणं इथेही आहेतच. बंगळुरूचं निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, दोन्हीकडे डीएममध्ये इमेजिंग आणि इंटरव्हेन्शन एकत्र शिकवतात. नुसतं वाचायचं असेल तर त्यासाठी तीन वर्षं घालवायची गरज नाही, एका चांगल्या न्यूरो सेंटरची वर्षभराची फेलोशिप पुरते असं मला वाटतं. भरपूर एपिलेप्सी सर्जरी होते अशी जागा शोधा, कारण तिथे न्यूरोलॉजिस्ट तुम्हाला स्कॅन परत परत बघायला लावतो आणि नजर तिथेच तयार होते.

फीटल इमेजिंग

छोट्या शहरात सगळ्यात लवकर जम बसवणारी सबस्पेशालिटी कुठली असं विचारलं तर मी हिचं नाव घेईन. मशीन एमआरआयच्या मानाने स्वस्त, पाठवणारे गायनॅक प्रत्येक तालुक्यात, आणि चांगला एनटी (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारा) नि ॲनॉमली (व्यंग शोधणारा) स्कॅन करणाऱ्याचं नाव पेशंटच एकमेकींना सांगतात. एनटीसाठी फीटल मेडिसिन फाउंडेशनचं सर्टिफिकेट रेसिडेन्सीतच करून टाका, ऑनलाइन कोर्स आहे, इमेजेस पाठवाव्या लागतात, आणि पुढे ते टिकवायला ऑडिट द्यावं लागतं. एनटीची वेळ ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, सीआरएल (बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी) ४५ ते ८४ मिलिमीटर, हे झोपेतही आठवलं पाहिजे. फीटल इको (बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) वेगळं शिका, सगळ्यात जास्त काय चुकत असेल तर हृदयच.

पण कायदा पाठ नसेल तर या ब्रँचमध्ये पाऊलच टाकू नका. गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा, आणि आज त्याच पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म (सोनोग्राफीची नोंद), मशीनचं रजिस्ट्रेशन, दर्शनी जागी बोर्ड, सगळं काटेकोर लागतं. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच सेंटरवर सोनोग्राफी करता येते, म्हणजे "पाच ठिकाणी व्हिजिट देईन" हे गणित इथे बसतच नाही, आणि लोन घेण्याआधीच हे लक्षात घ्या. एफ फॉर्म रिसेप्शनिस्टवर सोडून देऊ नका, सही तुमची असते. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाच्या मान्यतेने गर्भपात करता येतो, त्यामुळे तुमच्या रिपोर्टवर बोर्ड बसतो, आई-बाप रडत समोर असतात, आणि वाईट बातमी नीट शब्दांत सांगता येणं हे प्रोब धरण्याइतकंच महत्त्वाचं काम होऊन बसतं. ज्याला अंधाऱ्या खोलीत शांतपणे एकटं रिपोर्टिंग करायला आवडतं त्याने हे घेऊ नये.

ऑन्को आणि हेड-नेक

तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे इतका आहे की महाराष्ट्रात ही ब्रँच अजून जास्त जणांनी घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. पेशंटला गाल फुगवायला सांगून सीटी काढला की गालाचा आणि हिरडीचा भाग सुटा होतो आणि गाठ नेमकी कुठून निघाली ते दिसतं, ही साधी युक्ती अजूनही कित्येक सेंटरवर वापरत नाहीत. सर्जनला "मोठी गाठ आहे" हे कळायला तुम्ही कशाला हवे, त्याला हाड खाल्लंय का, रोग मॅस्टिकेटर स्पेसमध्ये (चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात) गेलाय का, आणि गेला असेल तर मॅंडिब्युलर नॉचच्या (खालच्या जबड्याच्या हाडातल्या खाचेच्या) खाली आहे की वर, हे हवं असतं, कारण ऑपरेशन होणार की नाही ते तिथे ठरतं. असे रिपोर्ट लिहिले की परळपासून अकोल्यापर्यंत सर्जन तुमचं नाव लक्षात ठेवतो. पेट-सीटीचा मोह असेल तर लक्षात ठेवा की न्यूक्लिअर मेडिसिन ही वेगळी एमडी आहे.

एमएसके, ब्रेस्ट, ॲब्डोमेन

एमएसकेचा पाठवणारा म्हणजे ऑर्थोपेडिक, आणि त्यातही आर्थ्रोस्कोपीवाला. तो जॉइंटच्या आत कॅमेरा घालून तुमचा रिपोर्ट तपासतो, त्यामुळे मेनिस्कसचं (गुडघ्यातल्या गादीचं) रूट फाटलेलं तुम्ही लिहिलं नाही तर दुसऱ्याच दिवशी फोन. ज्यांना असा हिशेब आवडतो त्यांच्यासाठी ही फार छान ब्रँच. यात सोनोग्राफी नक्की शिका, नुसता एमआरआय नको, कारण खांद्याचं इंजेक्शन, कार्पल टनेल, नसांची सोनोग्राफी हे सगळं एका चांगल्या लिनिअर प्रोबवर होतं आणि एमआरआय नसलेल्या गावातही चालतं.

ब्रेस्टमध्ये मॅमोग्राफी वाचणं हा अर्धाच भाग, उरलेला बायोप्सीचा. बायरॅड्स (ब्रेस्टच्या रिपोर्टला द्यायची ग्रेड) ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी परत बोलवायचं, आणि ४ म्हटलं की सुई घालायची. इथे धाडस लागतं, कारण सगळ्यांना घाबरून ४ देणारा आणि सगळ्यांना ३ देऊन टाळणारा, दोघेही पेशंटचं नुकसानच करतात. पुरुषांनी घेऊ नये असं काही नाही, पण पेशंट बऱ्याचदा मॅडमच मागतात ही वस्तुस्थिती आहे.

ॲब्डोमेनला वेगळी फेलोशिप कशाला असं बरेच जण म्हणतात, पण लिव्हर ट्रान्सप्लांट सेंटरमध्ये डोनरचा सीटी वाचून बघा म्हणजे कळेल, उरलेलं लिव्हर ३० टक्क्यांच्या खाली जाणार का, हिपॅटिक आर्टरी कुठून निघते, हे सांगणाऱ्यावर एका धडधाकट माणसाचा जीव असतो. प्रायव्हेटमध्ये मात्र जास्त करून येईल तो फिस्टुलाचा, म्हणजे भगंदराचा, एमआरआय. त्याला नावं ठेवू नका, आतलं तोंड घड्याळाच्या कितीच्या काट्यावर आहे ते बरोबर सांगणारा रेडिओलॉजिस्ट सर्जन लोक सोडत नाहीत.

बाकीच्या

पीडियाट्रिक फार कमी लोक करतात आणि पैसाही त्यामानाने कमी, पण मुंबईच्या वाडियासारख्या ठिकाणी जे बघायला मिळतं ते दुसरीकडे नाही. पेशन्स असेल तरच. कार्डियाकमध्ये सीटी अँजिओ शिकायला वेळ लागत नाही, पण कार्डिओलॉजिस्ट पाठवेल का आणि हॉस्पिटलकडे तसं मशीन आहे का हे आधी बघा, कार्डियाक एमआर मात्र मनापासून शिकण्यासारखं आहे कारण ते नीट वाचणारे कमी आहेत. चेस्टला आयएलडी (फुप्फुसाच्या ऊतींचे आजार) आवडत असेल तर छातीचे डॉक्टर तुम्हाला डोक्यावर घेतील, नुसत्या या एका कामावर घर मात्र चालणार नाही.

फेलोशिप घेताना काय विचारायचं

नाव बघून जाऊ नका. तिथे आत्ता असलेल्या फेलोला फोन करा, एचओडीला नाही, आणि विचारा की दिवसाला किती केस स्वतः ड्राफ्ट करता, रिपोर्ट कन्सल्टंट तुमच्यासमोर बसून सुधारतात की नुसती सही करतात, प्रोसिजर असेल तर सुई कुणाच्या हातात असते, आणि नाइट ड्युटीच्या नावाखाली जनरल रिपोर्टिंगच तर करून घेत नाहीत ना. काही ठिकाणी फेलो म्हणजे स्वस्तातला कन्सल्टंट, वर्षभर पोटाच्या सोनोग्राफ्या करून एक सर्टिफिकेट हातात देतात. सर्टिफिकेट कोण देतं तेही बघा, युनिव्हर्सिटी, आयसीआरआय (इंडियन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी अँड इमेजिंग) की नुसतं हॉस्पिटल. एमयूएचएसचे (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे) मान्यताप्राप्त फेलोशिप कोर्स आहेत त्यांची यादी एकदा बघून घ्या. सरकारी सीटवरून एमडी केलं असेल तर एक वर्षाचा बॉण्ड आहे, त्याची तारीख आणि फेलोशिपची जॉइनिंग जुळतेय का हे आधी कागदावर मांडा, आणि पुढे असिस्टंट प्रोफेसर व्हायचंय त्यांनी एसआरशिपचं (सीनियर रेसिडेंट म्हणून कामाचं) एक वर्ष सोडू नये.

बाहेर जायचा विचार असेल तर यूकेमध्ये क्लिनिकल रेडिओलॉजीचं ट्रेनिंग पाच वर्षांचं आणि आयआरचं सहा, सबस्पेशालिटी शेवटच्या वर्षांत घेतात. आपल्याकडून जाणारे बहुतेक जण एफआरसीआर ही तिथली परीक्षा करून जातात, त्याचा पहिला भाग फिजिक्स आणि ॲनाटॉमीचा, म्हणजे फर्स्ट इयरचा अभ्यास ताजा असतानाच दिलेला बरा. अमेरिकेत रेसिडेन्सीनंतर बहुतेक फेलोशिप एक वर्षाच्या असतात, पण भारतातल्या एमडीवर थेट बोर्ड सर्टिफिकेट मिळत नाही, अल्टरनेट पाथवेने चार वर्षं एकाच संस्थेत काढावी लागतात, त्यामुळे घरच्यांशी बोलल्याशिवाय फॉर्म भरू नका.

आणि एआयचं. मुंबईचीच क्युअर डॉट एआय कंपनी छातीच्या एक्सरेवर टीबी शोधायचं सॉफ्टवेअर करते आणि ते खरोखर वापरात आहे. घाबरून ब्रँच बदलण्याआधी एवढंच बघा की तुमच्या कामातला किती भाग नुसता "आहे की नाही" असा आहे, आणि कितीसाठी समोरचा डॉक्टर फोन करून "मग आता काय करू?" विचारतो. पहिल्या प्रकारचं काम टेलिरेडिओलॉजीतही (दूरच्या सेंटरचे स्कॅन ऑनलाइन वाचण्यात) ढिगाने असतं, रेट पडलेले आहेत, रात्री जागून डोळे जातात, लोन फेडायला दोन वर्षं ठीक. फेलोशिपचे इंटरव्ह्यू वर्षभर वेगवेगळ्या वेळी होतात, एकच कॅलेंडर नसतं, त्यामुळे थर्ड इयर सुरू झाल्या झाल्या तीन-चार सेंटरना मेल टाकून ठेवा आणि ऑब्झर्वरशिप मागा, आठवडाभर तिथल्या रिपोर्टिंग रूममध्ये बसायला मिळालं तरी इंटरव्ह्यूला काय बोलायचं ते सुचतं.